एका दाढेचं दोनदा घेतलेलं माप

कॅप आली तो बुधवार होता. कोल्हापूरच्या डेंटल लॅबची डबी उघडली, झिर्कोनिया या सिरॅमिकची कॅप हातात घेतली. इतकी सुबक होती की सिस्टरही म्हणाल्या, "मॅडम, ही तर खरी दाढच वाटतीय." रुग्णाच्या दाढेवर बसवली, बोटाने दाबली. पुढची बाजू ठीक, गालाकडची ठीक. मग एक्सप्लोररचं, म्हणजे तपासायच्या टोकदार सळईचं, टोक मागच्या कडेने जिभेकडच्या कोपऱ्यात नेलं आणि ते कॅपच्या खाली शिरलं. आरव्हीजी, म्हणजे दाताचा डिजिटल एक्स-रे, काढला. मागच्या बाजूला कॅप आणि दात यांच्यामध्ये काळी फट सरळ दिसत होती.

ती फट सिमेंटने भरून टाकता आली असती. रुग्णाला कळलं नसतं, मलाही वर्षभर कुणी विचारलं नसतं. कॅपच्या कडेला किती फट चालते याबद्दल आमच्या शास्त्रात आजही १२० मायक्रॉन हा आकडा सांगतात. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी पाच वर्षं हजाराहून जास्त कॅप आणि इनले, म्हणजे दाताच्या खड्ड्यात बसवायचे घडीव तुकडे, तपासून १९७१ साली तो मांडला. १२० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. आमची फट आरव्हीजीवर नुसत्या डोळ्यांना दिसत होती, म्हणजे ती त्याच्या बरीच पुढे गेलेली होती. अशा फटीतलं सिमेंट हळूहळू विरघळतं, अन्न साचतं, कीड लागते. रूट कॅनाल झालेल्या दाढेला ठणका लागत नाही, त्यामुळे आतून दाढ पोखरली जाते आणि एके दिवशी कॅपसकट तुटून हातात येते.

कॅप काढली, जुनी तात्पुरती कॅप परत चिकटवली आणि रुग्णाला सांगितलं, "ही बसत नाही. चूक मापात झालीय आणि माप मी घेतलंय. नवीन कॅपचा खर्च तुमच्यावर नाही."

ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "पण मॅडम, ते तर मशीनचं माप हुतं की."

त्या वाक्याला त्या दिवशी माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ते शोधायला पुढचे दोन महिने गेले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी नुकताच स्कॅनर, म्हणजे दातांचं माप प्रकाशाने घेणारं हे यंत्र, घेतला आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी मी कुठे चुकले ते पाहावं. रुग्णाच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण आणि त्याचं तोंड

वय ४१. साखर कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतात. हंगामात रात्र रात्र रांगेत उभं राहायचं, झोप लागू नये म्हणून मावा. आमच्या कऱ्हाडच्या बाजूला मावा म्हणजे कात्रीव सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र चोळून केलेली पुडी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मावा टपरीवर समोर चोळून मिळतो आणि त्यातली सुपारी तर घरोघरी पानदानात असते. तंबाखू वाईट हे लोकांना आता माहीत झालंय. सुपारी मात्र अजून 'साधी' समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखूशिवाय नुसत्या सुपारीलासुद्धा. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या थरात तंतू साचत जातात, गाल चामड्यासारखा कडक होतो, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. यालाच सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात.

यांची खालची उजवी पहिली मोठी दाढ. तिचं रूट कॅनाल दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे झालं होतं. कॅप बसवायला सांगितलं होतं, पण दुखायचं थांबलं आणि हंगाम सुरू झाला. या दोन वर्षांत दाढेची मागची, जिभेकडची भिंत हिरडीच्या खालपर्यंत तुटली आणि तोंड आवळत गेलं. माझ्याकडे आले तेव्हा वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये २६ मिलिमीटर अंतर भरत होतं. एरवी माणसाची स्वतःची तीन बोटं उभी जातात, यांची दीड जात होती. आणि हे अंतर पुढच्या दातांपाशी. जबडा बिजागरीसारखा मागून उघडतो, त्यामुळे दाढेपाशी जागा आणखी कमी असते. तिथे जेमतेम १७-१८ मिलिमीटर होती.

आधी गालाची नीट तपासणी केली, पांढरे पट्टे कुठून कुठपर्यंत आहेत ते लिहून ठेवलं, आणि मुखशल्यचिकित्सकाकडे पाठवलं. त्यांनी तुकडा काढून तपासला. कर्करोगाकडे झुकणारा बदल नव्हता, पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं ठरलं. हे झाल्याशिवाय मी दाढेला हात लावला नाही. अशा तोंडात कॅप ही दुय्यम गोष्ट आहे.

कॅपसाठी दाढ घासताना लहान मुलांसाठी असतो तो छोट्या डोक्याचा एअरोटर, म्हणजे दात घासायचं यंत्र, आणि त्याला लावायचा आखूड बर वापरावा लागला. मग माप. माप घ्यायचं रबर ज्यात भरतात तो नेहमीचा ट्रे तोंडात जाईना. अर्ध्या जबड्याचा ट्रे तिरका करून घातला तर ओठाचा कोपरा फाटायची वेळ आली. दात मिटून माप घ्यायचा जाळीचा ट्रे वापरून पाहिला, तो मागे जबड्याच्या हाडावर अडकला. रबर तोंडात असताना त्यांना दोनदा उमासा आला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ट्रे बाहेर काढला तर नेमका मागच्या कोपऱ्यात बुडबुडा.

त्या वेळी स्कॅनर घेऊन मला तीन महिने झाले होते. हप्ते सुरू होते. मनात आलं, हे यंत्र घेतलंय ते अशाच माणसासाठी.

पहिलं स्कॅनिंग

दातांचं माप प्रकाशाने घ्यायची कल्पना अर्धशतक जुनी आहे. फ्रान्समध्ये फ्रांस्वा द्यूरे यांनी १९७३ साली आपल्या प्रबंधात ती मांडली. झुरिक विद्यापीठात मोएरमान आणि ब्रांदेस्तिनी यांनी यंत्र उभं केलं आणि १९८५ साली रुग्णाला एकाच बैठकीत खुर्चीशेजारी घडवलेलं सिरॅमिकचं इनले बसवलं. तंत्र नवं नव्हतं, नवी मी होते.

शिकवणी मिळाली होती अर्ध्या दिवसाची. कंपनीचा प्रतिनिधी आला, प्लॅस्टिकचा जबडा टेबलावर ठेवला आणि आधी चावायच्या पृष्ठावरून, मग जिभेकडून, मग गालाकडून असा स्कॅनर फिरवायला शिकवलं. तो क्रम बरोबरच आहे. पण त्या प्लॅस्टिकच्या जबड्याला जीभ नव्हती, लाळ नव्हती, गाल नव्हता, रक्त नव्हतं, आणि तो कितीही उघडत होता. मी त्या जबड्यावर दोन मिनिटांत पूर्ण माप घेतलं आणि मला वाटलं, आलं आपल्याला.

खऱ्या तोंडात त्या दिवशी जे केलं ते ओळीने लिहिते. स्कॅनरचं नेहमीचं टोक लावलं, ते व्हर्नियरने मोजलं तर १९ मिलिमीटर उंच. दाढेपाशी जागा त्याहून कमी. म्हणून ते तिरकं धरून, पुढच्या दाढांवर टेकवून, आत ढकललं. तिरक्या टोकातून येणारा प्रकाश दाढेच्या पुढच्या उतारावर छान पडत होता, मागचा जिभेकडचा कोपरा सावलीत. हिरडी बाजूला सारायला एकच दोरा घातला होता. खुर्चीचा दिवा चालूच होता, तो दाढेवरच रोखलेला. आणि शिकवलं होतं म्हणून अख्खा जबडा स्कॅन करायला घेतला, खरं तर एका कॅपसाठी त्याच बाजूचे चार-पाच दात आणि समोरचे तेवढेच पुरतात.

मध्ये मध्ये यंत्र आवाज करून थांबायचं. ते रस्ता हरवलं की थांबतं. स्कॅनर काही एका फटक्यात जबड्याचा फोटो काढत नाही. तो सेकंदाला कितीतरी छोटी छोटी चित्रं घेतो आणि संगणक एकाची कड दुसऱ्याला जुळवत गोधडी शिवावी तसा जबडा शिवत जातो. जुळवायला ओळखीचा उंचवटा-खळगा मिळाला नाही, मध्ये जीभ आली, की टाका चुकतो. पुन्हा ओळखीच्या जागी, दाढेच्या माथ्यावर, येऊन तिथून पुढे जावं लागतं. मी तसं न करता जिथे थांबलं तिथेच पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. अकरा मिनिटं लागली. त्यांचा जबडा थरथरायला लागला होता.

पडद्यावर मागच्या कोपऱ्यात एक बारीक छिद्र दिसत होतं. 'पूर्ण करा' दाबलं आणि छिद्र गेलं. चित्र रंगीत, गुळगुळीत, देखणं. फाइल कोल्हापूरला गेली. पूर्वी मापाची डबी कागदात गुंडाळून, वर नाव-गाव लिहून एसटीच्या पार्सलमध्ये द्यायचो आणि पावसाळ्यात घाट-पुलांची काळजी करत बसायचो. आता पाच मिनिटांत काम. संध्याकाळी लॅबमधून फोन आला, "मॅडम, मागं लिंग्वलला मार्जिन नीट दिसंना, कुठं धरू?" लिंग्वल म्हणजे जिभेकडची बाजू आणि मार्जिन म्हणजे घासलेल्या दाताची ती कड, जिथे कॅप येऊन टेकते.

मी म्हणाले, "दिसतंय त्यावरून धरा की अंदाजाने."

हीच या प्रकरणातली खरी चूक. टोकाची उंची, दोरा, दिवा या सगळ्या चुका त्या एका फोनला दुरुस्त करता आल्या असत्या. रुग्ण दोन दिवसांनी पुन्हा येऊ शकले असते. माझ्या वीस वर्षांच्या कामात प्लास्टरच्या मॉडेलवर मार्जिन दिसत नसेल तर मी स्वतः ते मॉडेल परत पाठवायला सांगितलं आहे. पडद्यावरच्या चित्रावर मात्र मी विश्वास टाकला, कारण ते यंत्राने काढलं होतं.

लॅबमध्ये एक दिवस

कॅप परत गेली त्या रविवारी मी कोल्हापूरला गेले. कऱ्हाडहून ७०-७५ किलोमीटर. वीस वर्षं ज्या लॅबकडे काम देते, तिथे मी त्याआधी फक्त दोनदा गेले होते, एकदा उद्घाटनाला. याची खंत वाटली.

तंत्रज्ञांनी माझी फाइल उघडली. पहिलं काम त्यांनी केलं ते रंग बंद करण्याचं. एका क्लिकमध्ये गुलाबी हिरडी, पिवळसर दात गेले आणि सगळा जबडा एकसारखा राखाडी झाला. आणि रंग गेल्याबरोबर मला दिसलं. मागच्या कोपऱ्यात मार्जिन नव्हतंच. तिथे दाढेचा उतार आणि हिरडी यांच्यामध्ये एक मऊ, गोल, वितळल्यासारखी पट्टी होती. रंगीत चित्रात दात कुठे संपतो आणि हिरडी कुठे सुरू होते हे रंगामुळे कळल्यासारखं वाटतं. पण कॅप रंगावर बनत नाही, आकारावर बनते. रंगाने मला तिथे कड दाखवली होती, आकारात ती कड नव्हती.

मग त्यांनी जाळी दाखवली. सगळं चित्र म्हणजे हजारो बारीक त्रिकोण एकमेकांना जोडलेले. चांगल्या जागी त्रिकोण बारीक आणि दाट. माझ्या कोपऱ्यात चार-सहा मोठे लांबट त्रिकोण ताणून बसवलेले. तेच ते छिद्र. संगणकाने आजूबाजूचा आकार बघून तिथे अंदाजाने कापड लावलं होतं. तिथे दात कसा आहे हे स्कॅनरने पाहिलंच नव्हतं, तरी पडद्यावर तिथे दात होता. रबराचं माप असं करत नाही. रबर जिथे पोचत नाही तिथे बुडबुडा सोडतं, फाटतं, खड्डा ठेवतं. त्याची चूक उघडी असते.

त्या खुर्चीत बसून मला दुसरी गोष्ट उमगली. आम्ही रबराने माप घेतो तेव्हा मागून घट्ट पुट्टी दाबतो आणि तिच्या जोराने पातळ रबर हिरडीच्या फटीत ढकललं जातं. थोडी लाळ असेल तर ती बाजूला सरते, हिरडी मार्जिनवर थोडी आली असेल तर तीही सरते. वीस वर्षं माझा हात या ढकलण्यावर विसंबून होता आणि मला ते माहीतही नव्हतं. प्रकाश काहीच ढकलत नाही. हिरडीचा पापुद्रा आडवा आला की त्याला तोच दात वाटतो. लाळेचा थेंब मार्जिनवर असेल तर तो थेंबाचा पृष्ठभाग टिपतो. म्हणजे रबरासाठी 'बऱ्यापैकी' तयार केलेली दाढ स्कॅनरसाठी तयार नसते. हिरडी बाजूला सारणं, रक्त थांबवणं, कोरडं ठेवणं, हे सगळं रबरापेक्षा जास्त काटेकोर करावं लागतं. स्कॅनर विकताना सांगतात की काम सोपं होतं. रुग्णाला सोपं होतं, खरं आहे. डॉक्टरचं काम आधीच्या टप्प्यात सरकतं आणि तिथे ते वाढतं.

तिसरी गोष्ट मशीनच्या कोरण्याची. कॅपच्या आतली बाजू फिरत्या बरने कोरली जाते. तो बर गोल असतो, आणि बारीकात बारीक म्हटला तरी अर्ध्या-एक मिलिमीटरच्या घरात. माझ्या दाढेच्या माथ्यावर एक धारदार कोपरा राहिला होता. त्या कोपऱ्यासाठी तितकीच धारदार खाच आतून कोरणं बरला शक्य नाही, म्हणून संगणक तिथे जास्तीचं कोरून टाकतो आणि कॅप तिथे सैल पडते. आमच्या कॅपचं पुढून 'ठीक' बसणंही खरं तर सैल बसणं होतं. त्यानंतर झिर्कोनिया भट्टीत १५०० अंशांच्या आसपास भाजताना पाचव्या हिश्शाच्या वर आकसतो, म्हणून तो आधीच तेवढा मोठा कोरलेला असतो. हे सगळं ते लोक अचूक सांभाळतात. पण सुरुवातीची रेघच अंदाजाची असेल तर पुढची अचूकता त्या अंदाजाचीच अचूकता.

निघताना त्यांनी एकच मागणी केली. "मॅडम, फोन केला तर 'अंदाजाने धरा' म्हणू नका. थांबा म्हणा." तेव्हापासून आमच्यात नियम आहे. लॅबला मार्जिन दिसलं नाही तर काम थांबतं.

पुन्हा शिकणं

पुढचे तीन आठवडे रुग्णासाठी तोंड उघडण्याच्या व्यायामाचे होते आणि माझ्यासाठी सरावाचे. त्यांना आईस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. दाढांच्या मध्ये जेवढ्या मावतील तेवढ्या एकावर एक रचायच्या, थोडा वेळ तसंच धरायचं, दिवसातून चार-पाचदा, आणि जमेल तशी आणखी एक काडी वाढवायची. मावा सोडायला त्यांच्या पत्नीने घरात मनावर घेतलं. पुडीऐवजी खिशात बडीशेप. हे लिहायला सोपं आहे. त्यांना पहिला आठवडा फार जड गेला, दोनदा पुडी खाल्ली आणि येऊन सांगितलीही.

मी कपाटातली जुनी प्लास्टरची मॉडेलं काढली. रोज दवाखाना बंद केल्यावर एक मॉडेल, एकाच बाजूचे पाच दात, मोबाइलवर घड्याळ लावून. वेळ कमी करण्यापेक्षा मला दुसरं काही पाहायचं होतं. एकच मॉडेल तीनदा स्कॅन करायचं आणि तिन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून फरक कुठे पडतो ते रंगांत पाहायचं. पहिल्या आठवड्यात शेवटच्या दाढेच्या मागे प्रत्येक वेळी वेगळा आकार निघत होता. यंत्र तेच, मॉडेल तेच, म्हणजे बदलत होता तो माझा हात. मागच्या दाढेवर पोचेपर्यंत मी मनगट वळवत होते आणि टोक दातापासून लांब जात होतं. ते सापडल्यावर मनगट न वळवता कोपरापासून हात हलवायची सवय लावली. हे कुठल्याही पुस्तिकेत मिळालं नाही, तीन चित्रांच्या फरकात मिळालं.

मग खरं तोंड. सिस्टर स्वतःहून खुर्चीत बसल्या. त्यांच्या तोंडात सराव केला त्याचा मोठा फायदा असा झाला की माप घेताना रुग्णाला काय होतं हे त्यांना कळलं. "मॅडम, तुम्ही टोक आत ढकलता तेव्हा ते हिरड्यावर टेकतंय आणि मग मी जीभ तिकडंच नेते," हे त्यांनी सांगितलं. त्यानंतर जीभ सांभाळायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं, आरसा जिभेच्या कडेला लावून, सक्शन दाढेच्या मागे ठेवून. स्कॅनिंग हे दोघींचं काम आहे. शिकवणीला डॉक्टरने एकटीने जाऊ नये, सहाय्यकाला सोबत न्यावं, असं माझं ठाम मत आहे.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीही त्या दिवसांत लक्षात आल्या. टोकातला आरसा तोंडातल्या वाफेने धुरकटतो, म्हणून यंत्र तापायला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. टोक निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये घालता येतं, पण ठरावीक वेळाच, नंतर आरसा डागाळतो, म्हणून प्रत्येक टोकाला नंबर देऊन वहीत नोंद. खुर्चीचा दिवा बंद, नाहीतर बाजूला वळवलेला.

दुसरं स्कॅनिंग

तीन आठवड्यांनी अंतर २९ मिलिमीटर भरलं. दाढेपाशी साधारण २०. मी तोवर लहान मुलांसाठीचं बुटकं टोक मागवून घेतलं होतं, ते १५ मिलिमीटर.

आधी दाढ सुधारली. माथ्यावरचे कोपरे गोल केले. मागच्या कोपऱ्यात दात हिरडीच्या फार खाली तुटलेला होता, तिथे मी स्वतःला विचारलं की हे मार्जिन मला डोळ्यांनी, आरशात, कोरडं दिसतंय का. नव्हतं दिसत. म्हणून त्या जागी थोडीशी हिरडी काढली, आठवडाभर भरू दिली, आणि मगच माप. पहिल्या वेळी हे करायचं टाळलं होतं, कारण दोन भेटी वाढतात.

त्या दिवशी क्रम उलटा लावला. तात्पुरती कॅप दाढेवर असतानाच आजूबाजूचे दात आणि समोरचे दात स्कॅन करून घेतले, कारण त्यांना कोरडं-ओलं याची तितकी फिकीर नसते. मध्ये थांबले, तोंड मिटायला सांगितलं, पाणी दिलं. जबडा दुखत असलेल्या माणसाकडून सलग अकरा मिनिटं मागण्याची काही गरजच नव्हती. स्कॅनर थांबवता येतो, सेट होणारं रबर थांबवता येत नाही. स्कॅनरचा हा गुण मी पहिल्या वेळी वापरलाच नव्हता.

मग तात्पुरती कॅप काढली, पडद्यावरच्या चित्रातून तेवढीच दाढ पुसून टाकली. हिरडीत थोडी भूल, दोन दोरे, आधी अगदी बारीक आणि त्यावर जाड, औषधात भिजवलेला. पाच मिनिटं. वरचा दोरा ओला करून हळूच काढला, खालचा आत ठेवला. मार्जिनच्या बाहेर दातापलीकडे केसाएवढी फट उघडी पडली आणि ती कोरडी होती. त्या एका मिनिटात फक्त ती दाढ स्कॅन करायची होती. टोक आडवं आत नेलं, आत गेल्यावर फिरवलं, शेजारच्या दाढेच्या माथ्यावरून सुरुवात केली म्हणजे यंत्राला रस्ता सापडावा, आणि मागच्या कोपऱ्यात टोक दाढेच्या मागे उतरवून पुढच्या बाजूला बघत धरलं. सिस्टरांनी मागून हवा दिली. चाळीस सेकंद.

चित्र आल्यावर रंग बंद केले. राखाडी. मागच्या कोपऱ्यात कड दिसत होती, पण जिभेकडे एक मिलिमीटरभर तुकडा पुसट होता. तेवढाच तुकडा पुन्हा पुसला, पुन्हा हवा, पुन्हा स्कॅन. आता दिसली. छिद्र भरण्याचं बटण दाबायची वेळ आली नाही.

चावा टिपणं हे वेगळंच अवघड निघालं. दात मिटल्यावर गालाच्या बाजूने टोक घालून वरचे-खालचे दात एकत्र टिपायचे असतात. यांचा गाल कडक, तो टोकाला दाढेपर्यंत जाऊच देईना. म्हणून पुढे, सुळ्याच्या मागच्या दोन लहान दाढांपाशी चावा टिपला. तिथले दात खात्रीने एकमेकांना भिडत होते हे आधी चावल्यावर खूण उमटवणाऱ्या निळ्या कागदाने तपासून घेतलं होतं. त्यामुळे मागे थोडा फरक पडू शकतो याची कल्पना होती आणि तो पडलाच.

रुग्ण खुर्चीत असतानाच लॅबला फोन केला. तंत्रज्ञांनी फाइल उघडली, मार्जिनची रेघ ओढली आणि रेघेचं चित्र मला परत पाठवलं. मी ते रुग्णाच्या दाढेशी आरशात ताडून पाहिलं. मग त्यांना जाऊ दिलं.

कॅप

आठ दिवसांनी कॅप आली. बसवली. एक्सप्लोरर चारही बाजूंनी दातावरून कॅपवर आणि कॅपवरून दातावर फिरला, कुठे शिरला नाही. आरव्हीजीवर मागची कड जुळलेली. चाव्याला मात्र मागचा एक उंचवटा लागत होता. निळा कागद ठेवून दोनदा घासावं लागलं, नंतर चकाकी दिली. पुढे चावा टिपल्याचा तो परिणाम. कडक गालाच्या रुग्णात तो येणार हे आता मी आधीच सांगून ठेवते. हिरडीखालच्या कोपऱ्यात सिमेंट राहू नये म्हणून कॅप चिकटवल्यावर धागा फिरवून वीस मिनिटं नुसती सफाई केली.

सहा महिन्यांनी आरव्हीजी पुन्हा काढला. कड तशीच. हिरडीतून रक्त नाही.

या अनुभवानंतर एका-दोन कॅपसाठी माझ्याकडे रबर जवळजवळ वापरलं जात नाही. पण पूर्ण कवळीचं माप मी अजून हातानेच घेते. तिथे दातच नसल्याने यंत्राला ओळखीचा उंचवटा मिळत नाही आणि मऊ हिरडी हलते, ती किती दाबून टिपायची हे हाताला कळतं. अख्ख्या जबड्यात लांब लांब बसवलेले इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातांसाठी हाडात रोवलेले खुंट, असतील तरीही सावध असते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिवत जाताना टाक्याटाक्याची चूक साठत जाते आणि शेवटच्या इम्प्लांटपाशी ती भरते. हिरडीच्या फार खाली गेलेलं, कोरडं न राहणारं मार्जिन असेल तर रबर. आणि ज्याचं तोंड उघडत नाही, ज्याला उमासे येतात, अशा प्रत्येकासाठी स्कॅनर, पण बुटक्या टोकाने आणि तुकड्यातुकड्याने.

त्यांना मी दर तीन महिन्यांनी बोलावते. दाढेसाठी नाही, गालासाठी. आल्यावर आधी अंतर मोजते, मग दातांचं जुनं स्कॅन पडद्यावर उघडते, कारण त्यांना ते बघायला आवडतं. मागच्या वेळी ३१ भरलं. त्यांनी राखाडी दाढ बोटाने दाखवून विचारलं, "मॅडम, ह्यात गाल दिसत न्हाई का, पांढरा?" नाही दिसत, मी म्हणाले, गालासाठी मलाच बघावं लागतं. आरसा घेतला आणि दिवा चालू केला.